आधी सुमनबाईंचं वावर

सेनगावच्या कोर्टात वकिली करता करता माझे केस पांढरे झाले, पण मी विचारायच्या आत "सायेब, म्या पेलो व्हतो" असं सांगून टाकणारा पक्षकार एकच भेटला. साखऱ्याचे भगवाननाना. पोलिसांनी त्यांना वॉरंटावर थेट वावरातून उचलून आणलं होतं. पाय चिखलाचे आणि चेहऱ्यावर भीतीपेक्षा आश्चर्यच जास्त.

नाना साखरा-सेनगाव जीप चालवायचे. तीन वर्षांपूर्वी मेहुण्याच्या लग्नात भरदुपारी घेतली आणि तशीच जीप काढली. वळणावर ती पुलाखाली गेली. शेजारी बसलेला किसन, त्यांचा लहानपणापासूनचा सोबती, जागीच गेला. दवाखान्यात नानांचं रक्त तपासलं, गुन्हा दाखल झाला. ते जामिनावर गावी आले तेव्हा गाव मारुतीच्या पारावर बसलं आणि ठरलं, की किसनच्या बायकोचं, सुमनबाईंचं वावर नानांनी जन्मभर करायचं, तेही स्वतःच्या आधी. सुमनबाईंनी मान हलवली. गावाच्या लेखी प्रकरण मिटलं आणि नानांच्याही. कोर्टाचं समन्स आलं की ते घडी घालून देव्हाऱ्यात ठेवून द्यायचे!

मी चिडलो. "अहो नाना, फिर्याद सरकारची आहे. गावानं मिटवून मिटतं का हे?"

"सरकारचं कोण मेलं, सायेब?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. "जिचं मेलं तिच्या वावरात म्या रोज हाय ना."

हट्टी माणूस. तिन्ही वर्षं पहिली पेरणी सुमनबाईंची. एकदा त्यापायी पेरणीजोगी ओल गेली, वापसा हुकला, स्वतःचं सोयाबीन हातचं गेलं, तरी क्रम बदलला नाही. बायको कुरकुरली की म्हणायचे, "आधी तिचं, मंग आपलं." दारूला पुन्हा शिवले नाहीत, जीपलाही नाही.

कागद वाचताना मला फट सापडली. रक्ताच्या बाटलीवरचं सील आणि अहवाल यांचा मेळ बसत नव्हता. "गुन्हा कबूल नाही, एवढंच म्हणा," मी बजावलं. "बाकी मी बघतो. सुटाल."

नाना म्हणाले, "पेलो न्हाई म्हणलो, त तिच्या वावरात कोणत्या तोंडानं जाऊ?"

त्यांनी गुन्हा कबूल केला. लायसन्स गेलं, दोन वर्षांची सजा लागली. त्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोललोही नाही. हातातली केस गेल्याचा राग होता.

आठवड्यानं सुमनबाई आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"नानाला निरोप द्या. पारावर मान हलवली ती चार माणसायच्या भिडेनं. मनातून माफ न्हाई केलं. तीन वर्सं माह्या वावरात राबून राहिले, पर म्या कवा पानी इचारलं न्हाई. आता सुटत असून खरं बोलले. आता माफ केलं म्हणावं."

"तुम्हीच भेटा की."

"मला न्हाई जमायचं. तुमी सांगा."

मी हो म्हणालो. तुरुंग काही फार लांब नव्हता. पण आधी कोर्टाच्या तारखा आल्या, मग मुलीची परीक्षा, मग एका रविवारी नुसताच कंटाळा. महिना गेला. आणि एका सकाळी नानांच्या बायकोचा फोन आला. तुरुंगात छातीत कळ येऊन नाना गेले होते.

मातीला मी साखऱ्याला गेलो. मान वर करायची लाज वाटत होती. बायकांतून उठून सुमनबाई माझ्याकडे आल्या.

"त्यायला सांगितलं व्हतं ना, सायेब?"

मी हो म्हणालो.