ऐन गाण्यात हात वर करणारा

घाटंजीच्या बाजार मैदानावर माझा साउंड लागला होता, तेव्हा तो मला एकदाच भेटला. गावोगावी ऑर्केस्ट्रा घेऊन फिरायचा. पिकांवर औषध फवारायचे दिवस आले, की रंगात आलेलं गाणं हात वर करून थांबवायचा आणि मास्क, हातमोजे घालून लोकांना दाखवायचा.

“भाषणाले कोणी येत नाही भाऊ, गाण्याले येते,” तो म्हणाला.

वाद्यं जुळत असतानाच त्याला फोन आला. त्याचा ढोलकीवाला दिवसा मजुरीनं फवारणी करायचा. विषबाधा होऊन यवतमाळच्या दवाखान्यात पडला होता. तिथंच तो ढोलकीवाला गेला, असं फोनवर कळलं.

“कार्यक्रम बंद ठेवायचा का?” मी विचारलं.

“नाही. आज तं झालाच पाहिजे.”

गाणं रंगलं आणि त्यानं हात वर केला. गाणं थांबलं. त्यानं मोजे चढवले.

“माहा ढोलकीवाला आज फवारणीनं गेला,” तो माइकवर म्हणाला. “मी सांगतो ते दरवेळी माह्या मांगंच बसून आयके. तरी शेतमालकाले मोजे मागाले लाजला.”

मग मागून कोणीतरी ओरडलं, “आता गाणं होऊ द्या ना!”

त्यात दुष्टावा नव्हता. लोक गाण्यासाठीच आले होते, आणि त्यांना बोलावलं होतं त्यानंच. त्यानं गायिकेला खूण केली. ढोलकी नव्हती, म्हणून लोकांनीच टाळ्यांनी ठेका धरला. तो स्टेजच्या पायरीवर बसला आणि मोजे घातलेल्या हातांनी त्यानं तोंड झाकून घेतलं.