आधी शून्य दाखवा

बाबा भाजी घ्यायला गेले की कोपऱ्यावरचा भाजीवाला हातातलं काम टाकून आधी काट्यावरची टोपली उचलायचा. "या साहेब. बघा, शून्य." बाबा वाकायचे, तो आकडा नीट वाचायचे, मान हलवायचे आणि मगच बटाट्यांना हात लावायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हे सुटलं नव्हतं. बाबा वजनमापं निरीक्षक होते. दुकानादुकानांतून फिरायचं, काटे तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा आणि खोटे असतील तर उचलून आणायचे, हे त्यांनी उभा जन्म केलं.

माझी मुलगी झाली तेव्हा नर्स तिचं वजन करायला लागली, तर बाबा म्हणाले, "सिस्टर, आधी काटा शून्यावर आणा." नर्सने असं पाहिलं की मला बाळासकट पांघरुणात शिरावंसं वाटलं. काटा शून्यावर आणल्यावर बाळ थोडं हलकं भरलं. आई म्हणाली, "झालं समाधान? नातीचं वजन कमी केलंत एकदाचं."

हसायला ठीक आहे, पण लहानपणी मला हसू यायचं नाही. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याच्या तागडीखाली पत्र्याचा एवढासा तुकडा चिकटवलेला सापडला. बाबांनी तागडी जप्त केली. जेवताना त्यांनी ते सांगितलं, आनंदाने नव्हे, पण कुठे जरा चुकचुकल्यासारखंही नाही. "मापात पाप करणारा कशातही पाप करतो," एवढंच म्हणाले आणि ताक मागितलं. त्या किराणावाल्याची मुलगी माझ्या वर्गात होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारून उठून मागच्या बाकावर जाऊन बसली, ती शाळा संपेपर्यंत तिथेच. लाज कोणाला वाटायला हवी होती हे मला अजून कळलेलं नाही. वाटली मात्र मला.

गोल्फ त्यांना चिकटला तोही मापामुळेच. गावाबाहेरच्या मैदानावरच्या अंतराच्या पाट्या चुकीच्या आहेत अशी कुणाची तरी तक्रार आली होती. बाबांनी टेप लावून मोजलं, पाट्या खरंच खोट्या निघाल्या. व्यवस्थापकाने ओशाळून त्यांच्या हातात काठी दिली, म्हणाला, साहेब, एक मारून तर बघा. त्यांनी एक मारला आणि निवृत्तीनंतर दर रविवारी मारत राहिले.

आणि नवरा मला मिळाला तो गोल्फच्या दुकानातला. "मुलगा ड्रायव्हर निवडून देतो," असं सांगितल्यावर मावशीला वाटलं तो टॅक्सी कंपनीत आहे. ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधली सगळ्यात लांब काठी, पहिला दूरचा फटका मारायची. हल्ली त्या काठीच्या डोक्यात काय काय असतं! पुढे कार्बनचा पत्रा, त्याची जाडी कुठे किती हे संगणकाने ठरवलेलं, तळाशी मागेपुढे सरकवायचं वजन, मानेपाशी किल्लीने फिरवून कोन बदलायची सोय. दरवर्षी नवं मॉडेल येतं आणि दरवर्षी जाहिरात सांगते की चेंडू पंधरा यार्ड लांब जाईल. नवरा म्हणतो, "दरवर्षी पंधरा वाढले असते तर आतापर्यंत चेंडू शेजारच्या गावात पडायला लागले असते."

त्याचं म्हणणं असं की लोक डोकं बघून भुलतात, खरी निवड असते दांड्याची. ज्याचा हात जोरात फिरतो त्याला कडक दांडा, ज्याचा सावकाश त्याला मऊ आणि हलका. दांड्यावर तसं अक्षर छापलेलं असतं. 'एस' म्हणजे कडक. 'ए' वय झालेल्यांसाठी. 'एल' बायकांसाठी, म्हणजे तसं फक्त म्हणायचं; ज्याचा हात सगळ्यात सावकाश फिरतो त्या कोणासाठीही. पण बाप्यांना ते अक्षर सोसत नाही. हरतील, पण 'एल' हातात धरणार नाहीत. म्हणून माझा नवरा मऊ दांडा बसवताना अक्षर खालच्या बाजूला करतो. काठी धरली की ते दिसत नाही. गिऱ्हाईक खूश, चेंडू सरळ. त्याच्या या हातचलाखीचं मला कौतुक होतं.

बाबांची जोडी होती दातांच्या डॉक्टरांशी. त्यांना आम्ही दातवाले काका म्हणतो. वयस्करांच्या वार्षिक सामन्यात दोघांचे फटके एकत्र धरतात; ज्यांचे कमी, ते जिंकतात. शेवटच्या खेळीला मध्ये तळं आहे. ते सरळ ओलांडायचं तर चेंडू हवेतून एकशे साठ यार्ड जायला हवा. दातवाले काका ओलांडायचे आणि पलीकडे जाऊन वाट बघत उभे राहायचे. बाबा काठाकाठाने, वळसा घालून, एक फटका जास्त मारून यायचे. काका तोवर घड्याळाकडे बघायचे. यंदा सामन्याआधी बाबा म्हणाले, "मला दुकानात सोडतेस का? नवीन ड्रायव्हर घ्यायचाय."

नवऱ्याच्या दुकानात मागच्या बाजूला जाळी आहे, जाळीपुढे पडदा आणि बाजूला मोजायचं यंत्र. फटका मारला की चेंडू जाळीत अडकतो आणि तो किती लांब गेला असता ते पडद्यावर येतं. बाबांना दातवाल्या काकांसारखाच 'एस' हवा होता. नवऱ्याने दिला. चेंडू बुटका उडाला आणि उजवीकडे गेला. दुसराही तसाच. मग नवऱ्याने आतून दुसरा आणला. डोकं मोठं, कोन जास्त, वजन मागे सरकवलेलं, दांडा सगळ्यात मऊ. अक्षर अर्थातच खाली.

चेंडू छान सरळ गेला. पडद्यावर आलं एकशे अठ्ठेचाळीस.

"बाबा, जुन्या काठीपेक्षा बारा यार्ड वाढले," नवरा म्हणाला. ते खरं होतं. पण बाबांच्या डोक्यात त्यांचा स्वतःचा एक आकडा होता, कधी काळचा, एकशे सत्तरचा. आपला चेहरा पडलाय हे त्यांना कळलं, त्यांनी तो सावरायचा प्रयत्न केला आणि ते जास्तच वाईट दिसलं. मी स्टुलावर बसून माझ्या पर्सची चेन उघडझाप करत राहिले.

"हात गरम होऊ द्या जरा," नवरा म्हणाला आणि यंत्रापाशी जाऊन काहीतरी खुडबुड करून आला. पुढचा चेंडू एकशे बासष्ट. त्याच्या पुढचा एकशे चौसष्ट.

बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मधल्या मोठ्या आकड्याकडे नव्हे, वर कोपऱ्यात कुठेतरी. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि डोळ्यांवर न लावता खिशात ठेवला. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. "ठीक आहे," ते म्हणाले. "हाच द्या."

सामन्याला आम्ही सगळे गेलो होतो. शेवटच्या खेळीपर्यंत बाबांची जोडी एका फटक्याने पुढे होती. तळ्यापाशी दातवाले काका म्हणाले, "तुम्ही नेहमीसारखे काठाने या. आरामात जिंकतोय आपण."

"मोजून आलोय," बाबा म्हणाले.

फटका सुरेख बसला. इतका सुरेख की लोकांनी टाळ्यांसाठी हात वर केले होते. चेंडू पलीकडच्या काठाच्या अलीकडे पाण्यात पडला. अजूनही काठाने खेळता आलं असतं. बाबांनी खिशातून दुसरा चेंडू काढला, जमिनीत रोवलेल्या खुंटीवर ठेवला आणि पुन्हा तिथेच मारला. पाणी. तिसरा काढला तेव्हा आई हळूच म्हणाली, "आवरा कुणीतरी यांना." कोण आवरणार? तिसराही गेला. लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. दातवाले काका टोपी काढून आतलं अस्तर तपासत होते. माझ्या बापाकडे बघायची मला लाज वाटली, आणि लाज वाटली याची आणखी लाज वाटली. बाजूला नवरा उभा होता, त्याचे कान लालभडक झाले होते. तो सासऱ्यांसाठी कळवळलाय असं मी समजले.

कळवळला नव्हता. घरी येऊन ओट्यापाशी उभा राहून त्याने मला सांगितलं. यंत्राला विचारावं लागतं की तुम्ही समुद्रसपाटीपासून किती उंचावर खेळता, कारण उंचावर हवा विरळ असते, चेंडू जास्त लांब जातो. त्याने बाबांना डोंगरावर नेऊन ठेवलं होतं.

"तू माझ्या बाबांच्या मापात पाप केलंस?"

"त्यांचा चेहरा बघवला नाही गं. मला वाटलं, घरी जाऊन खूश होतील. ते तळ्यावरून मारतील असं कुठे वाटलं होतं? दरवर्षी वळसा घालतात ना ते."

"आणि पुन्हापुन्हा आपटले, तो चेहरा बघवला?"

मी त्याला आणखीही बरंच बोलले. ते इथे सांगण्यासारखं नाही. उद्या जाऊन पाय धरतो म्हणाला. तो उद्या काही उजाडेना. फोन उचलायचा, खाली ठेवायचा. तिकडे बाबांनी मैदानावर जाणं सोडलं. दातवाले काका दिसले की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालायचे. दाढ दुखायला लागली तर तीही दाबून बसले, काकांकडे काही गेले नाहीत. आई म्हणाली, "एका चेंडूपायी दात घालवणार हा माणूस." नातीचा फोन आला तरी आवाज बारीक.

मग एक दिवस त्यांचाच फोन आला. "दुकानात सोडतेस का?"

ड्रायव्हर त्यांनी जुन्या टॉवेलात गुंडाळून आणला होता. आम्हाला बघून नवरा काउंटरमागून लगबगीने बाहेर आला. "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी मी..."

"जावईबापू, यंत्र चालू करा," बाबा म्हणाले. "आणि आधी मला डोंगरावरून खाली आणा."

नवऱ्याचा हात यंत्रावरच राहिला. मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?" मला वाटलं आईने, आईला मीच सांगितलं होतं.

"कुणी कशाला सांगायला हवं? उंची वर कोपऱ्यात लिहिलेली असते. मी कुठल्याही यंत्रावर आधी तेच वाचतो. आधी काय होती, नंतर काय झाली, त्याच दिवशी दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज नको तेवढा चढला.

बाबा टॉवेलाची घडी घालत राहिले. त्याला घडी घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. "आकडा आवडला," ते म्हणाले. "चष्मा काढून ठेवला. कुंपणानेच शेत खाल्लं."

"चूक माझी आहे बाबा," नवरा म्हणाला. "तुम्ही कशाला..."

"तुमची आहेच. ती तुमची तुम्ही बघा. मी माझं सांगतोय." ते त्याच्याकडे न बघता बोलत होते. "जन्मभर विकणाऱ्याला धरलं. घेणाऱ्यालाही खोटं माप हवं असू शकतं, हे कधी मनात आलं नाही. तळ्यावर पहिला चेंडू मी हावेपोटी मारला. वाटलं, कोण जाणे, जाईलही. पुढचे दोन दंड म्हणून मारले. पण दंड बसला डॉक्टरांना. ते हरले."

यंत्र डोंगरावरून खाली आलं. बाबांनी चष्मा लावला, वरचा कोपरा वाचला आणि मारलं. एकशे सत्तेचाळीस. त्यांनी मान हलवली, पूर्वी खऱ्या काट्यासमोर हलवायचे तशीच. मग काठी उलटी करून दांड्याखालचं अक्षर बोटाने चाचपलं.

"हे खाली का?"

"लोकांना बघवत नाही," नवरा म्हणाला.

"वर करून द्या."

नवरा काठी घेऊन मागच्या खोलीत गेला. एवढंसं काम, पण बाहेर यायला त्याला बराच वेळ लागला. आला तेव्हा त्याचं नाक लाल होतं, आणि 'एल' वर होतं. तिथून बाबांनी मला दातवाल्या काकांकडे गाडी घ्यायला सांगितली. मी खाली गाडीतच बसून राहिले. वर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. ते गाल धरून खाली आले, काकांनी दाढ काढली होती.

परतताना आईने भाजी सांगितली होती म्हणून आम्ही कोपऱ्यावर थांबलो. बाबांनी बटाटे निवडून टोपलीत टाकले. भाजीवाला सवयीने थांबला, त्यांच्या तोंडाकडे बघत. "साहेब, शून्य बघायचं राहिलं ना," तो म्हणाला आणि बटाटे काढून टोपली उचलायला लागला.

"असू दे," बाबा गालावर रुमाल धरून म्हणाले. "बरोबरच असेल."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. भाजीवाल्याने माझ्याकडे बघितलं, यांचं काय बिनसलं म्हणून. मला त्या दोघांचाही राग आला, दुकानात बसलेल्या नवऱ्याचाही आला.

"दाखवा शून्य," मी म्हणाले.

त्याने टोपली उचलली. बाबांनी पिशवीचे बंद सारखे केले. आकड्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, म्हणून मग वाकून मीच वाचला.