आबांनी न विचारलेलं

मी सुट्टीवर आलो की आबा, म्हणजे माझे वडील, उंब्रजच्या स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभे असायचे. "सुट्टी किती?" एवढंच विचारायचे, आणि मग घरापर्यंत उसाच्या गोष्टी. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, वेगवेगळ्या देशांच्या शास्त्रज्ञांबरोबर जहाजावर मी नेमकं काय करतो, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. मला राग यायचा. यांना कौतुक नसेल, तर मी तरी कशाला सांगू? मग मीही गप्पच राहिलो.

आबांच्या दहाव्याला नदीवर त्यांचे पलटणीतले एक जुने मित्र शेजारी येऊन बसले. "आता तरी सांग रं, तिकडं काय करतोस? तुज्या आबाला लय येळा इचारलं. त्यो म्हणायचा, परदेशी लोकांसंगं जहाजावर हाय पोरगं, असलं इचारायचं नसतं."

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. सुट्टीवर आलेल्याला पोस्टिंगचं कुणी विचारत नाही. आबांनी तोच शिरस्ता मला लावला होता.

मी सांगितलं, "तिथं वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो. मग तळाचं थंड, कसदार पाणी वर येतं आणि त्यावर मासे पोसतात. त्यातले किती धरले तर पुढच्यांना उरतील, ते आम्ही बघतो."

"म्हंजी इहिरीचा गाळ काढून उसाला घालतो, तसं व्हय?"

"तसंच."



"मग ह्ये आबाला सांगायचंस की रं."