आयरेकर वकिलांनी जिंकलेले अडतीस लाख

कोल्हापुरात वकिलांना तोटा नाही. कसबा बावड्याच्या कोर्टात एखाद्याच्या हातून फाईल पडली तर उचलायला चार काळे कोट एकदम वाकतात. पण उलटतपासणी म्हटली की नाव एकच, ॲडव्होकेट विजयसिंह आयरेकर. मी त्यांचा कारकून आहे म्हणून हे सांगत नाही. एकोणतीस वर्षं मी त्यांच्या फायली वाहिल्या आणि त्यांच्याइतक्या शिव्या दुसऱ्या कुणाच्या खाल्ल्या नाहीत. तेव्हा माझी, या आकारामची, साक्ष निःपक्षपाती धरायला हरकत नाही.

साहेबांची म्हैसचोरीची केस अजून बार रूममध्ये सांगतात. फिर्यादी राधानगरीकडचा होता. म्हैस त्याची, दावं त्याचं, कपाळावरचा पांढरा ठिपका सगळ्या गावाला पाठ. साहेबांनी त्याला पाऊण तास पिंजऱ्यात उभा केला. शेवटी बिचारा घाम पुसत म्हणाला, "साहेब, तुमी म्हणतासा तर न्हवती माझी." आरोपी सुटला, म्हैस त्याच्याच गोठ्यात राहिली आणि फिर्यादी जाताना साहेबांच्याच पाया पडून गेला. अशा विजयांची माणसाला सवय लागते. साहेबांना ती इतकी लागली होती की जेवताना भाजीत मीठ कमी आहे हे त्यांना कुणी पटवून देऊ शकत नसे.

आता त्यांच्या रविवारांबद्दल. रविवार जोतिबाचा. साहेब सकाळी अंघोळ करून डोंगराकडे निघायचे आणि दिवस मावळायला कपाळभर गुलाल लावून मंगळवार पेठेत परत यायचे. त्यांच्या पत्नी संयोगिता वहिनीसाहेब प्रसादाचं खोबरं विचारायच्या. साहेब सांगायचे, गर्दीत राहिलं.

डोंगर आम्ही कधी चढलोच नाही. पायथ्याला सयाजीचं फार्महाऊस होतं आणि त्याच्या मागच्या खोलीत तीन पानी जुगार चालायचा. सयाजी मोठा सोयीचा माणूस. सतरंज्या स्वच्छ, मटण वेळेवर आणि बाहेर पडायच्या दाराशी गुलालाची वाटी. जाताना चिमूटभर कपाळाला लावला की घरी कुणी काही विचारत नसे. देवाच्या नावावर इतकं पद्धतशीर काम मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. गाडी मी चालवायचो, त्यामुळं दिवसभर बाहेर बसून पेपर वाचायचो आणि निघताना मीही गुलाल लावायचो. एकट्याच्याच कपाळाला तो बरा दिसला नसता.

आणि साहेब हरायचे. साक्षीदाराच्या पापणीवरून खोटं ओळखणारा माणूस, पण हातात पानं आली की समोरच्याचं हसू त्यांना दिसायचं नाही. समोरचा जितका निवांत, तितके हे पैसे वाढवायचे. माघार घेणं म्हणजे त्यांना समोरच्या वकिलाला वाट करून दिल्यासारखं वाटायचं. हे पैसे होते वहिनीसाहेबांचे. कागलला पंचतारांकित एमआयडीसीच्या रस्त्याला लागून त्यांच्या वडिलांची जमीन होती. ती विकली, तेव्हा त्यांच्या वाट्याला चाळीस लाख आले होते. सगळे चेकने, कागदोपत्री स्वच्छ. म्हातारपणाला म्हणून ठेवलेले. साहेब उजळाईवाडीला प्लॉट घेतो म्हणून त्यांच्या सह्या घ्यायचे आणि शनिवारी बँकेतून रक्कम काढायचे. दोन वर्षांत ते पैसे संपले.

मग एका रविवारी पोलीस आले. साहेबांचं वय खिडकीतून उडी मारायचं नव्हतं. ते जागेवरून हललेच नाहीत. इन्स्पेक्टरला म्हणाले, "मी इथं अशिलांना भेटायला आलोय." कुठले अशील, असं विचारल्यावर त्यांनी हात फिरवून सगळी खोली दाखवली. बाकीच्या एकवीस जणांची वकीलपत्रं मी गाडीच्या बॉनेटवर भरून घेतली. पोलिसांपासून ते सुटले, पण सयाजीची वही सापडली आणि ती फिरत फिरत आयकर खात्याकडं पोचली.

सयाजीची वही हा एक नमुनाच होता. प्रत्येक डावामागं क्लबचा वाटा असतो, त्याला नाल म्हणतात. नाल उलाढालीवर मिळते, कोण जिंकलं आणि कोण हरलं याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून सयाजी फक्त नाव आणि रक्कम लिहायचा. "वकीलसाहेब" या नावापुढं दोन वर्षांत अडतीस लाख जमले होते. खात्यानं सरळ अर्थ लावला की एवढे जिंकले आणि त्यावरचा कर बुडवला. नोटीस आली. कर, व्याज आणि दंड मिळून सव्वीस लाख द्यावे लागणार होते आणि तेवढे उभे करायला पेठेतल्या राहत्या घराशिवाय काहीच शिल्लक नव्हतं.

पेपरात बातमी आली, "नामांकित वकिलावर जुगारातील कर चुकवल्याचा आरोप." दुसरा कुठला गाव असता तर माणूस महिनाभर घराबाहेर पडला नसता. आमच्याकडं चौकात लोक साहेबांना उठून जागा द्यायला लागले. ज्यांनी त्यांना कधी नमस्कार केला नव्हता ते रस्ता ओलांडून येऊ लागले. तालमीचा पृथ्वीराज वर्गणीचं पुस्तक घेऊन आला.

"साहेब, अडतीस लाख जिकलासा. तालमीला इसरू नका."

साहेबांनी "छे, काहीतरीच" असं म्हणायला हवं होतं. ते नुसते हसले आणि अकरा हजारांची पावती फाडली. त्याचा चेक मीच लिहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की माणूस आता हातचा गेला.

लढायला उभी राहिली त्यांची मुलगी प्रियदर्शनी. वकिली सुरू करून तिला चारच वर्षं झाली होती, पण डोकं शांत, ते आईकडून आलेलं. तिनं बँकेची पानं जुळवली. शनिवारी काढलेली रक्कम, रविवारी वहीतली रक्कम. दोन्ही जवळजवळ सारख्या. म्हणजे हे जिंकलेले नव्हतेच, हे आईचे स्वच्छ पैसे होते आणि बाबा ते हरले होते. हरलेल्या पैशावर कसला कर? साहेबांना वाचवायला खोटं बोलायची गरजच नव्हती, खरं सांगितलं की झालं. आमच्या ऑफिसात असा प्रसंग पहिल्यांदाच येत होता.

पण त्यासाठी वहिनीसाहेबांना समजायला हवं होतं. तोवर त्यांना उजळाईवाडीचा प्लॉटच माहीत होता. प्रियाताईंनी त्यांना स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. मी दारात उभा होतो. वहिनीसाहेबांनी गॅस बंद केला.

"समदं?"

"सगळं, आई."

त्या आठ दिवस कुणाशीही बोलल्या नाहीत. साहेबांना वेळेवर ताट मिळत होतं, एवढंच. नवव्या दिवशी खाली ऑफिसात येऊन मुलीला म्हणाल्या, "मी जबाब देतो. माझ्या नवऱ्यानं माझं पैसं जुगारात घालवलं, असं लिही. लाज काय, कागदावर ऱ्हाईल. घर तर ऱ्हाईल डोक्यावर." साहेब समोरच बसले होते. ते फाईल चाळत राहिले. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की चहा घेऊन येतो म्हणून मी बाहेर गेलो.

सुनावणीच्या दिवशी वहिनीसाहेब पासबुक मांडीवर ठेवून बाहेरच्या बाकावर बसल्या. आमचा पहिला साक्षीदार सयाजी, त्यांचा नंबर त्याच्यानंतर होता. आत जाताना प्रियाताई साहेबांना म्हणाल्या, "बाबा, तुम्ही फक्त गप्प बसायचं."

अधिकारी उत्तरेकडचे होते, मराठी समजायचं पण सावकाश. शेजारी त्यांचा स्टेनो, आमच्याच करवीरातला. सयाजीनं सरळ सांगितलं की साहेब हरायचे. इथं थांबला असता तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. पण भला माणूस, साहेबांना वाचवायच्या भरात वाहवला.

"त्यास्नी पानं कळतच न्हाईत, साहेब. आमच्यात त्यास्नी दुभती म्हणायची समदी. आयतवारी गाडी आली की पोरं म्हणायची, आली बघा दुभती."

अधिकाऱ्यांना ते समजलं नाही, स्टेनोनं समजावलं, मग ते हसले. मी साहेबांकडं पाहिलं. त्यांनी कोटाचं बटण लावलं. हे बटण लावलं की काय होतं ते एकोणतीस वर्षं मी पाहिलंय. प्रियाताईंनी त्यांची बाही धरली, पण ते उठलेच.

"सयाजीराव, वहीत माझ्या नावापुढं 'हरले' असं लिहिलंय?"

"न्हाय."

"म्हणजे तुम्ही आठवणीवर सांगताय. दिवाळीआधीच्या रविवारी शेवटचा डाव कुणाचा झाला?"

सयाजीनं डोकं खाजवलं. "त्यो तुमचा की. तीन राजं आलतं."

"तीन राजे आलेला माणूस हरतो?"

"न्हाय, पर त्यो एकच डाव..."

"विचारलं तेवढंच सांगा. मी घरी निघायचो तेव्हा माझ्या कपाळाला काय असायचं?"

सयाजी गोंधळला. "गुलाल."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"कोल्हापुरात हरलेला माणूस गुलाल लावतो?"

अधिकाऱ्यांनी स्टेनोकडं पाहिलं. स्टेनो म्हणाला, "सर, इलेक्शन असू दे न्हाईतर कुस्ती, इथं गुलाल जिकल्यालाच असतो." अधिकाऱ्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

सयाजी माझ्याकडं बघत होता. वाटीचं सांगितलं असतं तर सगळा डाव फिरला असता. पण मग बाकी एकवीस जणांच्या घरी त्या रात्री काय झालं असतं? त्यातले निम्मे पेठेतले, प्रतिष्ठित, आणि प्रत्येकाची बायको अजूनही जोतिबाला हात जोडत होती. माझी शेवंताबाईसुद्धा. सयाजीनं मान खाली घातली. मला उठून एक वाक्य बोलता आलं असतं. मी बोललो नाही, याची मला लाज वाटते.

"न्हाय लावत," सयाजी पुटपुटला.

"म्हणजे मी हरायचो, हे तुम्ही खोटं सांगितलंत?"

"व्हय साहेब. तुमी म्हणतासा तर खोटं."

साहेब खाली बसले. अधिकाऱ्यांनी अत्यंत आदरानं त्यांचे आभार मानले आणि स्टेनोला म्हणाले, बाहेर बसलेल्या मॅडमच्या जबाबाची आता गरज नाही.

व्हरांड्यात साहेबांचा चेहरा खुलला होता. वीस वर्षांनी लहान दिसत होते. मुलीला विचारलं, "कशी झाली?"

"चांगली झाली," प्रियाताई म्हणाल्या. "आयकर खात्याला याहून चांगला वकील मिळाला नसता." आणि त्या आईला हाताला धरून रिक्षाकडं चालू लागल्या.

महिन्याभरात ऑर्डर आली. सव्वीस लाख. बार रूममध्ये मात्र त्या उलटतपासणीचं कौतुक चाललं होतं. स्वतःच्याच साक्षीदाराला स्वतःविरुद्ध फोडणारा वकील कोल्हापूरनं याआधी पाहिला नव्हता. चौकात मुलं साहेबांना बघून वळून उभी राहत. ज्या माणसाकडं रुपया उरला नव्हता त्याच्याकडं अडतीस लाख आहेत हे आता सरकारी कागदावर होतं.

प्रियाताईंनी तरी सोडलं नाही. अपिलाचा कागद तयार केला. सोबत साहेबांचं प्रतिज्ञापत्र, एकाच पानाचं. त्यात कामाचं वाक्य एकच होतं, "मी सदर सर्व रक्कम जुगारात हरलो आहे." खाली सही करायची, मग वहिनीसाहेबांचा जबाब पुन्हा उभा राहिला असता आणि घर बहुधा वाचलं असतं. तो कागद साहेबांच्या टेबलावर तीन आठवडे पडून होता. रोज सकाळी मी त्याच्यावरची धूळ झटकायचो आणि पेन त्याच्याशेजारी ठेवायचो.

शेवटी एके दुपारी वहिनीसाहेब खाली आल्या आणि अशिलाच्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्या तिथं कधी बसल्या नव्हत्या.

"अहो, अडतीस लाख जिकलासा न्हवं?"

"ऑर्डरमध्ये तसं आहे," साहेब म्हणाले.

"ऑर्डरीचं न्हाय, तुमास्नी विचारतोय. माझं चाळीस कुठं हायत? आणि तुमचं अडतीस कुठं हायत? दोन्हीतलं एक तरी आणून ठेवा माझ्यापुढं."

साहेबांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले आणि माझा राग उतरला, काही झालं तरी माझं आयुष्य या माणसाच्या सावलीत गेलं आहे. मग त्यांनी पेन उचललं. प्रियाताई आतल्या खोलीतून दारापर्यंत आल्या. साहेबांनी कागद पुढं ओढला, ते वाक्य दोनदा वाचलं, त्यातले "हरलो आहे" हे शब्द सावकाश खोडले, वर बारीक अक्षरात "लावली, पण मला अपेक्षित यश मिळाले नाही" असं लिहिलं आणि खाली झोकदार सही केली.

वहिनीसाहेबांनी कागद उचलून वाचला. परत टेबलावर ठेवला.

"आकाराम," त्या मला म्हणाल्या, "घर इकायचा तो एजंट आलता न्हवं परवा? त्याला फोन लाव."