जुलेखाखालाचा चेहरा

"हात ढिला सोड. तुझा न्हाई, माझा हाय समज," असं म्हणत जुलेखाखाला गिऱ्हाइकाचा अंगठा तळव्याकडे दाबायची आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर गेलेली असायची. नांदेडच्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या लेकीसुनांना तिनंच बांगड्या भरल्या.

इसब तिला लहानपणापासूनच. उतारवयात तो असा चिघळला, की बोटांच्या भेगांतून रक्त यायचं. बायका बांगड्या निवडायच्या आणि म्हणायच्या, "बांधून द्या, घरी घालते." आधी ती सांगायची, "लागट न्हाई हे." पुढं सांगणंही सोडलं.

शेवटी लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी दर पंधरवड्याला घ्यायची नवी इंजेक्शनं सुरू केली. काही महिन्यांत हात मऊ झाले. मला तळवे दाखवत ती म्हणाली, "रातभर झोपून राहिले मी. खाज म्हणून न्हाई."

मग चेहरा आणि मान लालभडक झाली. पापण्या सुजल्या, कपाळाचे पापुद्रे निघू लागले. मी तिच्यासोबत लातूरला गेले.

"या इंजेक्शनानं काहींना असं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मलम देते, डोळेही दाखवून घ्या. मनानं इंजेक्शन बंद करू नका."

"आन् लोकांना काय सांगू?"

"लागट नाही म्हणून सांगा."

खाला नुसती हसली.

माझ्या लेकीच्या लग्नात चुडा भरायला मी तिलाच बोलावलं. लेकीनं हात पुढं केला, तर वराकडची एक बाई म्हणाली, "हिच्या तोंडाला काय झालंय? नवरीला हात नका लावू देऊ." इंजेक्शनामुळं झालंय, असं मी सांगितलं. "मग असलं इंजेक्शन घ्यावंच कशाला?" म्हणत तिनं लेकीचा हात मागं ओढला.

मी बोलायला लागले, तशी खाला बांगड्या पेटीत ठेवत म्हणाली, "ऱ्हाऊ दे बेटा. लगनघर हाय." जेवायलाही थांबली नाही.

त्यानंतर तिनं बांगड्यांचं दुकान मोडलं आणि मुदखेडला आपल्या लेकीकडं राहायला गेली.

पुढं माझ्या लेकीचं डोहाळजेवण ठरलं, तेव्हा खालाला न्यायला मी मुदखेडला गेले. मलमानं चेहरा बराच निवळला होता. हात तर तुळतुळीत. "हिरव्या बांगड्या तूच भरायच्यास," मी म्हटलं.

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"बाजारात उघडमिटीची कडी मिळतात आता," ती म्हणाली. "ज्याची त्यानं चढवायची. कुणाला हात लावू द्यावा लागत न्हाई."