अक्काच्या परीक्षेसाठी बैलगाडीनं मलकापूर

मोताळ्याहून मलकापूरला आता एसटी नाहीतर काळीपिवळी जीप मिळते आणि गप्पा रंगल्या तर गाव आलेलंही कळत नाही. आम्ही हाच रस्ता बैलगाडीनं केला होता, महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं त्या काळात. त्या बाजूला जायचा बेत असेल तर हे वाचून निघा.

आमचा मळा मोताळ्यापासून लांब, आडबाजूला. अक्का, मी, बेबी आणि गजू अशी चार भावंडं. शाळेत कोणीच जात नव्हतं. बाबा वांगी-मिरची पिकवायचे आणि मोट हाकता हाकता आम्हाला शिकवायचे. पाणी ओढत बैल उतारानं खाली निघाले की आपण त्यांच्या बरोबरीनं चालत पाढा म्हणायचा. बैल मागं मागं वर आले की तोच उलटा. वाचन माय घ्यायची, चुलीपाशी.

बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, यांचं मोताळ्यात किराण्याचं दुकान. त्यांना हे मुळीच पटत नसे. एका बाजारच्या दिवशी ते बाबांना गल्ल्यावरूनच ओरडले, "काऊन बे, लेकरायले जन्मभर बैलासंगच ठेवतं का?"

बाबाही इरेला पेटले. "थोरल्या पोरीले सातवीच्या परीक्षेले बाहेरून बसवतो. पास झाली तं चारही घरीच शिकतीन. नापास झाली तं तुमच्या घरी ठेवून शाळेत घाला."

"चारही?"

"चारही!"

घरी आल्यावर माय एवढंच म्हणाली, "माही लेकरं पैजेवर लावली काय?"

परीक्षेचं केंद्र मलकापूर. सहा जणांचं एसटीचं भाडं झेपणारं नव्हतं, म्हणून पहाटेच गाडी जुंपली. उन्हाळ्यात हा पट्टा भट्टीसारखा तापतो, तेव्हाही आणि आताही. पाणी भरपूर घ्या आणि ऊन चढायच्या आत निम्मा रस्ता कापा. मैलाचा दगड आला की गजू गाडीतून उडी मारायचा, आकडा वाचायचा आणि धावत गाडी गाठायचा. दुपारी निंबाखाली ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा. त्या जेवणाला अजून तरी कुठल्या हॉटेलात तोड सापडलेली नाही.

मलकापुरात शिरताना रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी निघाली होती, सगळी कापसाच्या गाठींनी भरलेली. बेबी डबे मोजायला लागली तर बाबा म्हणाले, "आज नको मोजू पोरी, नुसती पाह्य." त्या रात्री धर्मशाळेत पथारी टाकली.

सकाळी गणिताचा पेपर. मी आणि बाबा शाळेच्या कुंपणापाशी उभे होतो. वर्गाचं दार उघडंच होतं. थोड्या वेळानं पाहतो तर अक्का उठून बाकांच्या मधून चालायला लागलेली!

"ए पोरी, कुठं निघालीस?" गुरुजी ओरडले.

"कुठीच नाही जी. गणित करून राह्यली."

वर्ग खो खो हसला. गुरुजींनी तिला बसवलं. ती बसली, पण पेन हलेना. बाबांनी कुंपणाची तार मुठीत धरली. "बसून कधी केलंच नाही न तिनं," ते पुटपुटले. चार लेकरं हातची निघून चालली होती आणि त्यांना आत जाता येत नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या बाकावरची पोरगी उठली. शकीला तिचं नाव, नंतर कळलं. "गुरुजी, चालू द्या न तिले. आमाले काई तरास नाही."

गुरुजींनी कपाळावर हात मारला, पण अक्काचं बाक व्हरांड्यात काढून दिलं. "चाल इथं. कोणाशी बोललीस तर पेपर घेईन." मग अक्का चालली. चार पावलं जायची, परतायची, वाकून लिहायची. घंटा होईपर्यंत.

बाहेर आली ती शकीलाचा हात धरून, वर्गातल्या आणखी दोन-चार पोरींसोबत. बाकीचे पेपर आटोपले, पण परतीच्या वाटेवर पेपरांबद्दल अवाक्षर नाही. सगळं त्या पोरींबद्दल.

निकाल घेऊन मोठेबाबा स्वतः सायकलवर मळ्यात आले, पेढे घेऊन. "पास झाली! हारलो बे मी."

अक्कानं पेढा हातातच ठेवला. "मोठेबाबा, बेबीले अन् गजूले शाळेत घेऊन जा."

बाबा बघतच राहिले. "काऊन? पास झाली न तू?"

"झाली. पण पेपर सुटल्यावर त्या पोरी उत्तरावरून भांडत होत्या बाबा. मले उत्तर येत होतं, पण भांडाले माह्याजवळ कोणी नव्हतं."

मग बाबांनी मलाही विचारलं, शाळेत जायचं का. मी मळाच मागितला. पुढचं जे शिकलो ते इथंच, आपलं आपण.

"वा रे पैज," मोठेबाबा म्हणाले, "हारलो मी अन् लेकरं भेटली मलेच!"

"दोनच भेटली," माय म्हणाली. "शनिवारी आणून सोडा, नाहीतर मीच येते गाडी घेऊन."

त्या प्रवासातून घरी काय आलं म्हणाल, तर भांडणं. दर शनिवारी बेबी-गजू शाळेतून एखादं नवं गणित काढून आणायचे आणि आम्ही चौघं ताटावर बसून भाकर वाळेपर्यंत वाद घालायचो. उत्तर बाबांना माहीत असायचं. ते सांगत नसत.