सातवी खुर्ची

मालिनाव शहराच्या सभागृहाची मार्शल नेरिसा गालिनातो मुळातच संशयी बाई होती. बाजारात मासा घेताना कल्ला उघडून, डोळा दाबून, शेपूट वाकवून ती इतका वेळ बघत राही, की तिचा नवरा एर्मी म्हणायचा, "अगं, त्यालाच विचार ना सरळ, खरंच मेलायस की सोंग करतोयस?"

नेरिसाला यात हसण्यासारखं काही वाटत नसे. शिळं ते ताजं म्हणून गळ्यात मारणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती, आणि ती सगळी मासळीबाजारात बसणारी नव्हती.

दर मंगळवारी सभागृहाचं कुलूप तीच उघडायची. माइक टिचकी मारून बघायची, पाण्याच्या बाटल्या मांडायची आणि सभेच्या वेळी पितळी मुठीचा राजदंड दोन्ही हातांत धरून सगळ्यांच्या पुढे चालत आत यायची. राजदंड स्टँडवर ठेवला की सभा सुरू, उचलला की संपली. मधल्या वेळात प्रार्थना, राष्ट्रगीत, हजेरी, न वाचताच मंजूर होणारं मागचं इतिवृत्त, कुठल्या तरी शंभरी गाठलेल्या आजोबांचं अभिनंदन, कोणाचा तरी दुखवटा, फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या, बास्केटबॉलसाठी जर्सी. "कोणाचा विरोध? विरोध नाही, मंजूर," एवढं म्हणून उपमहापौर ताबियोस हातोडा आपटायचे. सगळं शहर त्यांना नुसतं 'व्हाइस' म्हणायचं. जेवणाच्या आत सभा संपवणं हे त्यांचं एकमेव राजकीय धोरण होतं.

नेरिसा भिंतीशी उभी राहून हे सारं ऐकायची आणि घरी जाताच विसरायची. पण गेल्या जूनमध्ये शाळेच्या वळणावर वाळूच्या ट्रकने दुसरीतल्या एका मुलाला उडवलं. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. नेरिसाची झायरा तिसरीत होती. तेच वळण, तीच वेळ. त्या दिवसापासून शाळेतल्या बाईंचा 'पोचली' असा मेसेज येईपर्यंत नेरिसाचा सकाळचा घास घशाखाली उतरत नसे. मेसेजला उशीर झाला की पाण्याच्या बाटल्या मांडता मांडता तिचे हात थांबायचे.

मुलांच्या आया मॅडम दुमलाओंकडे गेल्या. मॅडम म्हणजे निवृत्त शिक्षिका, आता नगरसेविका. अर्ध्या शहराला त्यांनी पाढे शिकवले होते, नेरिसालाही. शाळेच्या वेळात त्या रस्त्यावरून वाळूचे ट्रक जाऊ नयेत, असा ठराव त्यांनी आणला. पहिलं वाचन झालं, दुसरं झालं, कोणी हूं की चूं केलं नाही. शाळेच्या कुटुंबदिनाला तर मॅडमनी स्टेजवरच विचारलं, "ठरावाच्या बाजूने कोण?" आणि हजर असलेल्या एकूण एक नगरसेवकाने हात वर केला. नगरसेवकाला मालिनावात 'कोन्स' म्हणत; कोन्स रमिल आगबायानीने दोन्ही केले. रस्त्यावरच्या निम्म्या ट्रकांचा मालक त्याचा मेव्हणा होता, म्हणून आया टाळ्या वाजवतानाही एकमेकींकडे बघत होत्या.

आता फक्त तिसरं वाचन आणि मतदान उरलं होतं. आणि तिथेच गाडं अडलं.

बारा नगरसेवकांपैकी सात हजर असले तर कोरम पूर्ण व्हायचा. त्या दिवसांत कोणी परदेशी, कोणी आजारी, आणि तिघे तर फक्त बजेटच्या दिवशी उगवणारे. सकाळी कसेबसे सात जमायचे. पण ट्रकचा विषय पुकारला रे पुकारला, की सातवी खुर्ची रिकामी. तिथे बसणारा कोन्स जुन पास्कुआ, वयाने सगळ्यांत लहान, केसांना चकाकणारं काहीतरी लावणारा, पाण्याची बाटली हातात घेऊन अलगद बाहेर सटकलेला असायचा.

"मार्शल, सदस्यांना शोधून आणा," व्हाइस म्हणायचे.

"आणा म्हणजे आणाच!" कोन्स रमिल मोठ्याने म्हणायचा. "सभागृहाचा मान आहे की नाही?"

आता मालिनावची रीत अशी, की मार्शलने शोधायला जायचं, पण सापडवायचं नाही. दार उघडायचं, व्हरांड्यात थोडं थांबायचं, एकदा नावाने हाक मारायची आणि परत येऊन सांगायचं, "सापडले नाहीत, युअर ऑनर." मग हातोडा, सभा तहकूब, सगळे जेवायला. नेरिसाच्या आधीच्या मार्शलने हेच केलं, त्याच्या आधीच्याने हेच. आज याची सोय, उद्या त्याची. कोणी कोणाला उघडं पाडत नसे.

पहिल्या वेळी नेरिसाने रीत पाळली. दुसऱ्या वेळीही पाळली, पण "सापडले नाहीत" म्हणताना तिला कोन्स रमिलचा चेहरा दिसला. तो चिडल्यासारखं दाखवत होता. नेरिसाला तो राग शिळ्या माशाच्या डोळ्यावर पाणी मारावं तसा वाटला. स्वतःच जुनला बाहेर काढायचं आणि स्वतःच आरडाओरडा करायचा! सगळ्यांसमोर हात वर केलेला माणूस उघड विरोध करू शकत नाही, मग कोरम मोडणार नाही तर काय करणार? तिचं मन तिथेच घट्ट बसलं.

मग तिला खुणा दिसू लागल्या. जुनने नवी मोटरसायकल घेतली होती. रमिलचा ड्रायव्हर जुनशी जिन्यात सिगारेट ओढत बोलत होता. आणि एकदा, सभा तहकूब झाल्यावर, मॅडम दुमलाओंनी जाता जाता जुनच्या खांद्यावर थाप मारली. मॅडमसुद्धा?

"तुला देवळातल्या संताचाही संशय येईल," एर्मी रात्री म्हणाला.

"संतांना मेव्हणे नसतात," नेरिसा म्हणाली आणि झायराच्या दप्तराला चमकणारी पट्टी शिवत बसली.

तिसऱ्या मंगळवारी सभेआधी मॅडम तिच्याजवळ आल्या. हातपंख्याने वारा घेत हळूच म्हणाल्या, "नेरी, पाय दुखत असतील ना गं उभं राहून? आज फार फिरू नकोस हो."

नेरिसाने मान डोलावली. मॅडमची पाठ वळल्यावर तिने ओठ घट्ट मिटले. म्हणजे खरंच होतं तर. तिला पाढे शिकवणाऱ्या बाईसुद्धा विकल्या गेल्या होत्या. झायराच्या बाजूने आता या इमारतीत कोणीच उरलं नव्हतं.

विषय पुकारला गेला. सातवी खुर्ची रिकामी होती.

"मार्शल, शोधून आणा," व्हाइस घड्याळाकडे बघत म्हणाले.

नेरिसा बाहेर पडली आणि व्हरांड्यात थांबली नाही. पुरुषांच्या स्वच्छतागृहाचं दार तिने धाडकन उघडलं. आतून कोणीतरी ओरडलं, ते कोन्स जुन नव्हते. मोटरसायकल जागेवरच होती, म्हणजे माणूस आतच. ती जिना उतरून खालच्या गोदामात गेली. फिएस्ताच्या बांबूच्या कमानी, नाताळच्या कागदी चांदण्या, आणि त्यांच्या मागे दोन खुर्च्या जोडून पाय पसरलेला कोन्स जुन करंजीसारखा तळलेला एम्पानाडा खात होता.

"मानांग नेरी!" ताईला मारावी तशी हाक मारत तो दचकून उठला. "तुम्ही इथे कशा?"

"सभागृहात चला, कोन्स."

"सांगा ना सापडला नाही म्हणून. नेहमीसारखं."

"नेहमीचं संपलं. काय दिलं तुम्हाला रमिलने? ती गाडी?"

"रमिलने? मला?" जुनला ठसका लागला. "अहो, हप्ते भरतोय मी गाडीचे! मानांग, ऐका तरी, तुम्हाला कळत नाहीये. ही गोष्ट…"

तेवढ्यात गोदामाच्या दारात रमिलचा ड्रायव्हर येऊन उभा राहिला. सिगारेट न पेटवता तशीच हातात धरून तो मजेत बघत होता. जुनने तोंडातलं वाक्य एम्पानाड्यासकट गिळलं.

"बोला ना," नेरिसा म्हणाली. "अडलं का?"

"काही नाही. माझ्या आईची शपथ, मानांग, दहा मिनिटं मला विसरा."

"माझी मुलगी रोज त्या वळणावर असते. तिला विसरू?"

तिने त्याचा दंड धरला. मालिनावच्या इतिहासात मार्शलने नगरसेवकाला हात लावला तो हा पहिलाच. केसांना तेल, शर्टावर तुकडे अशा अवतारात तिने त्याला जिन्यावरून वर आणलं आणि दार उघडून खणखणीत आवाजात सांगितलं, "सदस्य सापडले, युअर ऑनर."

सभागृहात कोणीतरी हसलं. मॅडम दुमलाओंचा हातपंखा थांबला. आणि नेरिसाने कोन्स रमिलकडे पाहिलं. तो चिडेल, उसळेल, हरकत घेईल, अशी तिची खात्री होती.

रमिल हसत होता. मनापासून, दात दाखवून. त्या हसण्यात नेरिसाने कितीही शोधलं तरी तिला खोट सापडेना.

"कोरम पूर्ण," तो म्हणाला. "व्हाइस, मतदान घेऊन टाकू."

सचिवांनी नावं पुकारायला सुरुवात केली. मॅडम, बाजूने. जुन, मान खाली घालून, बाजूने. आणखी एक बाजूने. मग रमिल उभा राहिला. "मुलांवर माझं अतिशय प्रेम आहे. मलाही चार आहेत. पण वाळू थांबली तर शाळेच्या नव्या वर्गखोल्या कशाने बांधणार? जड अंतःकरणाने, विरुद्ध." त्याच्या शेजारचा म्हणाला, हात वर केला होता तो तत्त्वाला, तपशिलाला नाही, विरुद्ध. तिसरा नुसताच विरुद्ध. चौथ्याने स्वतःचं नाव ऐकून डोळे उघडले, रमिलकडे पाहिलं आणि म्हणाला, "काय होतं? हां, विरुद्ध."

ठराव पडला. नियमाप्रमाणे वर्षभर तो पुन्हा आणता येणार नाही, असं सचिवांनी वाचून दाखवलं. हातोडा पडला. पुढचा विषय बास्केटबॉलच्या जर्सीचा होता.

सभेनंतर मॅडम व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. नेरिसा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, लहानपणी उत्तर चुकल्यावर राहायची तशी.

"बस," मॅडम म्हणाल्या. "कोन्स टेसी हवाईला आहे, लेकीच्या बाळंतपणाला. शनिवारी येतेय. म्हाताऱ्या ओर्पियांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते पुढच्या मंगळवारी काठी टेकत येणार होते. दोघंही आपल्या बाजूचे. ते आले की आपण पाच, हे चार. तोवर ढकलायचं होतं फक्त. जुनला मी पाठवत होते बाहेर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? राजदंडासमोर उभं राहून खोटं बोल म्हणून? तुला तिसरीपासून ओळखते मी. खोटं बोलायची वेळ आली की तुझ्या नाकावर घाम येतो. रमिलने तिथेच ओळखलं असतं. म्हणून तर म्हटलं होतं, फार फिरू नकोस."

"मला वाटलं, तुम्हीपण…" नेरिसा बोलून गेली आणि थांबली.

"मीपण काय?"

मॅडमनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांना कळलं. "हं," एवढंच म्हणून त्यांनी पंखा मिटला, पर्समध्ये ठेवला आणि त्या जिना उतरून गेल्या.

पुढच्या मंगळवारी कोन्स टेसी आली, म्हातारे ओर्पियाही काठी टेकत आले. प्रार्थना झाली, इतिवृत्त मंजूर झालं. मग रमिल उठला. कर्तव्यदक्षतेने सभागृहाची शान राखल्याबद्दल मार्शल नेरिसा गालिनातो यांचं अभिनंदन करणारा ठराव त्याने मांडला. टाळ्या वाजल्या. ड्रायव्हरने दारातूनही वाजवल्या.

"कोणाचा विरोध?" व्हाइसनी विचारलं.

"माझा," नेरिसा म्हणाली.

हशा पिकला. व्हाइसनी चष्म्यावरून पाहिलं. "मार्शलना सभागृहात बोलता येत नाही. विरोध नाही, मंजूर." हातोडा.

मॅडम दुमलाओ हसल्या नव्हत्या, आणि त्यांनी टाळ्याही वाजवल्या नव्हत्या. नेरिसाने तेवढं पाहून घेतलं.

सभा संपल्यावर ती व्हाइसच्या खोलीत गेली. "सर, मला रोज सकाळी उशिरा यायची परवानगी हवी आहे. मुलं शाळेत गेल्यानंतर."

"मार्शल उशिरा?" व्हाइस कुरकुरले. मग आताच मंजूर केलेला ठराव त्यांना आठवला. अभिनंदन केलेल्या बाईला लगेच नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. "मंगळवार सोडून. बाटल्या दुसरं कोणीतरी मांडेल."

"मंगळवारीसुद्धा, सर."

व्हाइसना भूक लागली होती. त्यांनी सही केली.

तेव्हापासून नेरिसा सकाळी शाळेच्या वळणावर उभी राहते. मार्शलचा गणवेश, छातीवर पितळी बिल्ला, पांढरे हातमोजे. रस्त्यावर तिला काडीचाही अधिकार नाही. पण वाळूचा ट्रक वळणावर आला की ड्रायव्हर आधी तिचा बिल्ला बघतो, मग तिचा चेहरा, आणि ही कुठल्या खात्याची, कोणाचं माणूस, हिला इथे कोणी बसवलं, हे त्याला काही केल्या उमगत नाही. त्या शंकेपायी तो ब्रेकवर पाय ठेवतो. नेरिसा हात वर करते. मुलं रस्ता ओलांडतात, झायरा आईशी ओळख न दाखवता, मैत्रिणींच्या घोळक्यात.

एखादा ड्रायव्हर खिडकीतून विचारतो, "मानांग, ट्रॅफिकवाल्या का तुम्ही?"

डोळे बारीक करून नेरिसा त्याच्या नंबर प्लेटकडे बघत राहते, आणि नाकावरचा घाम त्याला दिसायच्या आत तोंड फिरवते.